कोपरा कापलेला पासपोर्ट

सातपूर, रात्री साडेदहा.

वळणावर कंपनीची बस थांबली, तिसऱ्या पाळीची माणसं चढली. बाबाही असेच डबा घेऊन ‘मायको’त जायचे. २००८ साली कंपनीचं नाव बॉश झालं. आमच्या गल्लीत ती अजून मायकोच. माझंही तसंच राहावं असं फार वाटतं.

स्टुटगार्टमध्ये मी रात्री एकटी घरी येते, कुणी काही विचारत नाही. ती मोकळीक मला जिवापाड हवी होती, अजूनही हवी आहे. पण आज शेजारच्या काकूंनी “एवढ्या उशिरा कुठं गं?” म्हटलं आणि डोळेच भरून आले.

जर्मनीने जून २०२४ पासून दोन्ही नागरिकत्वं ठेवायला परवानगी दिली. आपला १९५५ चा कायदा देत नाही. मी जर्मन नागरिकत्व घेतलं आणि माझा निळा पासपोर्ट कोपरा कापून, शिक्का मारून परत आला. आता परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड. कधीही यावं, कितीही राहावं. पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आईने तो पासपोर्ट बाबांच्या बिल्ल्याशेजारी जपून ठेवलाय. कपाट उघडलं की माझं बोट आधी त्या कापलेल्या कोपऱ्यावरून फिरतं.