हिवाळ्यातील टस्कनी : वहीची नगरे आणि गरिबांचे ताट

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली की व्यापारी घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. दिवाळीचा हंगाम आटोपलेला असतो, नव्या वह्यांचे पूजन झालेले असते आणि डिसेंबरअखेरीस मुलांना सुट्टी असते. युरोप पाहावा तो उन्हाळ्यातच, असा बहुतेकांचा समज असतो. इटलीतील जुन्या नगरांच्या बाबतीत मात्र हा समज तपासून घेण्याजोगा आहे. उन्हाळ्यात ही नगरे पर्यटकांची असतात, हिवाळ्यात ती पुन्हा तेथील रहिवाशांची होतात. दुकानदार गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायला मोकळा असतो, संग्रहालयात चित्रापुढे निवांत उभे राहता येते आणि नाताळचे दिवस सोडले तर निवासाचा दरही उतरलेला असतो.

मध्य इटलीतील टस्कनी प्रांत या दृष्टीने विशेष सोयीचा आहे. डिसेंबर-जानेवारीत तेथे दिवसा साधारण 8 ते 10 अंश तापमान असते, रात्री ते 2-3 अंशांवर येते. बर्फ क्वचित पडतो. धुके आणि पाऊस मात्र गृहीत धरावा. फ्लॉरेन्स येथे मुक्काम ठेवून प्रातो, सिएना आणि लुक्का ही तीन नगरे एकेका दिवसात पाहता येतात. तिन्ही नगरे व्यापाराने घडविली. त्यामुळे तेथील वाडे, चित्रे आणि दप्तरे पाहताना पेढीवर वाढलेल्या माणसाला परके वाटत नाही.

प्रातो : व्यापाऱ्याचे दप्तर

फ्लॉरेन्सहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत प्रातो येते. बहुतेक पर्यटक हे स्थानक ओलांडून पुढे जातात, आणि त्यात त्यांचेच नुकसान होते. या नगरात फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याचा वाडा उभा आहे. चौदाव्या शतकात, 1335 च्या सुमारास, एका सामान्य कुटुंबात त्याचा जन्म झाला. 1348 च्या महामारीत आईवडील गेले. कोवळ्या वयात तो फ्रान्समधील अविन्यों येथे गेला. पोपचे आसन त्या काळी तेथे होते आणि पैसाही तेथेच वाहत होता. चिलखते व शस्त्रे विकून त्याने पहिली पुंजी जमविली. पुढे लोकर, कापड, मीठ आणि मसाले यांच्या व्यापारात त्याच्या पेढ्या पिसा, जेनोवा, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का येथपर्यंत पसरल्या.

दातिनीने कागदाचा एक चिटोराही टाकून दिला नाही. सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेहून अधिक हिशेबवह्या, हुंड्या आणि विमापत्रे असे त्याचे दप्तर 1870 मध्ये याच वाड्यात पुन्हा उजेडात आले. मध्ययुगातील एका व्यापाऱ्याचे इतके संपूर्ण दप्तर जगात अन्यत्र क्वचितच असेल. 1390 च्या सुमारास त्याच्या वह्यांत द्विनोंदी पद्धत स्थिरावलेली दिसते. याच टस्कनीतील सान्सेपोल्क्रो गावच्या लूका पाचोली या साधूने ती पद्धत 1494 मध्ये व्हेनिस येथे ग्रंथातून छापून प्रसिद्ध केली; परंतु त्यापूर्वी शंभर वर्षे व्यापारी ती वापरीत होते. दातिनीच्या वह्यांच्या आरंभी ईश्वराचे आणि नफ्याचे नाव एकत्र घातलेले असे. वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ शेजारी लिहिणाऱ्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

तरीही या वाड्याचे मोल नफ्याच्या आकड्यात नाही. दातिनीला पत्नी मार्गेरिता हिच्यापासून अपत्य नव्हते. लापो मात्सेई नावाचा त्याचा एक नोटरी मित्र होता. धनाचा मोह आवर, असे तो पत्रांतून वर्षानुवर्षे त्याला सांगत राहिला. 1410 मध्ये दातिनी वारला तेव्हा सत्तर हजारांहून अधिक सुवर्ण फ्लोरिनची आपली मालमत्ता त्याने प्रातोतील गरिबांसाठी ठेवली. त्या निधीचा कारभार चर्चकडे न सोपविता नगराकडे सोपवावा, अशी व्यवस्थाही त्याने मृत्युपत्रात केली. दान देणे आणि दानाचा कारभार चोख राहील अशी तजवीज करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला कळले होते.

नाताळच्या दिवशी प्रातोच्या मुख्य चर्चच्या बाहेरच्या कोपऱ्यावरील सज्जातून मेरीचा पवित्र कमरपट्टा लोकांना दाखवितात. वर्षातून पाचच वेळा होणाऱ्या या दर्शनासाठी सारे गाव चौकात जमते. तो सज्जा दोनातेल्लो आणि मिकेलोत्सो या शिल्पकारांनी घडविला आहे. प्रातोची आणखी एक ओळख सांगण्याजोगी आहे. जुने लोकरी कपडे निवडून, उसवून, त्यांची पुन्हा लोकर करायची आणि तिचे नवे कापड विणायचे, हा उद्योग येथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. चिंधीलाही जमेच्या बाजूस स्थान देणारे असे हे गाव आहे.

सिएना : नगराचा जमाखर्च

सिएना फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस सुमारे 70 किलोमीटरवर, टेकडीवर वसले आहे. आगगाडीचे स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे. बस मात्र जुन्या गावाजवळ नेऊन सोडते. गावाच्या मध्यभागी शिंपल्याच्या आकाराचा, विटांनी बांधलेला उतरता काम्पो चौक आहे. त्याचे नऊ भाग 1287 ते 1355 या काळात नगराचा कारभार पाहणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची आठवण देतात. डिसेंबरच्या सुरुवातीला या चौकात मध्ययुगीन आठवडे बाजाराच्या धर्तीवर बाजार भरतो. 13 डिसेंबरला संत लुचियाच्या जत्रेत मातीच्या लहान घंटा विकायला येतात. गावाच्या 17 मोहल्ल्यांचे रंग त्यांवर दिलेले असतात आणि प्रत्येक घर आपल्या मोहल्ल्याची घंटा घेते.

चौकातील नगरभवनात अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती याने 1338-39 मध्ये रंगविलेली भित्तिचित्रे आहेत. चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम, हा त्यांचा विषय. चांगल्या कारभाराच्या चित्रात दुकाने उघडी आहेत, गवंडी बांधकाम करीत आहेत, शिक्षक शिकवीत आहे आणि लादलेली गाढवे वेशीतून ये-जा करीत आहेत. वाईट कारभाराच्या चित्रात व्यापार थंडावला आहे आणि रस्ते असुरक्षित आहेत. हिवाळ्याची प्रतिमा चित्रकाराने याच दुसऱ्या बाजूला, पडत्या बर्फासह काढली आहे. कारभारी ज्या दालनात बसून निर्णय घेत, त्याच दालनाच्या भिंतींवर हे सारे रंगविलेले आहे.

नगराच्या खजिन्याला बिक्केर्ना म्हणत. त्याच्या हिशेबवह्यांना चित्रे काढलेली लाकडी पुठ्ठे असत. उपलब्ध असलेला सर्वांत जुना चित्रांकित पुठ्ठा 1258 चा आहे. त्यावर सान गाल्गानो मठाचा एक साधू खजिनदार म्हणून बसलेला दिसतो. खजिनदाराची मुदत सहा महिन्यांची असे आणि त्या पदासाठी अनेकदा साधूच निवडला जाई. ज्याला स्वतःचे काही जमवायचे नाही, त्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यावी, हा त्यामागचा हिशेब. हे पुठ्ठे आज सिएनाच्या सरकारी दप्तरखान्यात पाहता येतात.

जवळच सालिम्बेनी वाड्यात मोन्ते देइ पास्की या बँकेचे मुख्यालय आहे. 1472 मध्ये स्थापन झालेली ही बँक अद्याप चालू असलेली जगातील सर्वांत जुनी बँक मानली जाते. गरजूंना माफक व्याजाने कर्ज मिळावे, हा तिचा मूळ हेतू होता. ‘पास्की’ म्हणजे कुरणे. 1624 मध्ये सरकारी कुरणांचे उत्पन्न ठेवींना तारण म्हणून देण्यात आले, त्यावरून हे नाव पडले. पाच शतके टिकलेल्या या बँकेने 2007 मध्ये दुसरी बँक फार चढ्या किमतीस विकत घेण्याचे ठरविले, पुढे ती मोठ्या तोट्यात गेली आणि 2017 मध्ये इटलीच्या सरकारला तिचा बहुसंख्य हिस्सा घ्यावा लागला. जुनी पत नव्या चुकीची भरपाई करीत नाही, हा धडा त्या सुंदर वाड्यासमोर उभे राहून अधिकच स्पष्ट होतो.

लुक्का : तट आणि भाकरीचे झाड

एकेकाळी रेशमाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले लुक्का तुलनेने शांत आहे. गावाभोवतीचा सुमारे चार किलोमीटरचा तट अखंड असून त्याच्या माथ्यावर झाडे लावलेला रुंद रस्ता आहे. हिवाळ्यातील उन्हाच्या वेळी म्हातारी जोडपी, सायकलवरची मुले असे सारे गाव तेथे फिरताना दिसते. संध्याकाळी जेवणापूर्वी मुख्य रस्त्याने सावकाश फेरी मारण्याची प्रथा इटलीत सर्वत्र आहे. तिला पास्सेज्जाता म्हणतात. थंडीतही ती चुकत नाही.

लुक्काच्या उत्तरेस गार्फान्याना नावाचे डोंगरी खोरे आहे. तेथे गहू पुरेसा पिकत नसे. डोंगरातील माणसे चेस्टनटच्या झाडावर जगत आणि त्या झाडाला भाकरीचे झाड म्हणत. शरद ऋतूत फळे गोळा करून दगडी खोपटात मंद धगीवर सुमारे चाळीस दिवस वाळवीत आणि मग पाणचक्कीवर दळीत. ते गोडसर पीठ हिवाळाभर पुरे. आजही लुक्काच्या दुकानांत डिसेंबरमध्ये नवे पीठ येते.

नियमाचे ताट

या प्रवासात नियम पाळणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा ताटापाशी होते. तेथे एक गोष्ट लक्षात येते. टस्कनीचे जे खाद्यपदार्थ जगभर नावाजले आहेत, त्यांतील बहुतेक जैन ताटात बसत नाहीत. आणि जे गरिबांनी पोटासाठी शोधले, त्यांतील काही जसेच्या तसे बसतात.

सिएनाचे पानफोर्ते हे बदाम, पाकवलेली फळे आणि दालचिनी, लवंग, जायफळ, धने अशा मसाल्यांचे दाट मिष्टान्न आहे. मसाल्यांच्या व्यापाराची ती गोड खूणच म्हणावी; परंतु त्यात मध असतो. तेथील रिच्चारेल्ली या बदामाच्या वड्यांत अंड्याचा पांढरा भाग आणि प्रातोच्या कान्तुच्ची बिस्किटांत अंडे असते. पार्मेजानो चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटनेच करावे, असा त्याचा नियम आहे. टस्कनीच्या पेकोरिनो चीजमध्येही बहुधा प्राणिज रेनेट असते. वनस्पतिजन्य रेनेट असल्यास वेष्टनावर ‘काल्यो व्हेजेताले’ असे लिहिलेले असते. रिबोल्लिता हे हिवाळी सूप शिळा पाव, काळसर पानांचा कोबी आणि पांढऱ्या घेवड्याचे दाणे यांचे असते. त्या नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेले’ असा आहे. अन्न वाया जाऊ नये ही त्यामागची दृष्टी आदरणीय आहे. पण कांदा, गाजर आणि शिळेपणा यांमुळे ते नियमाबाहेर जाते.

आता दुसरी बाजू. लुक्का आणि पिसाच्या बाजूस चेचीना मिळते. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढेच साहित्य पसरट तांब्याच्या थाळ्यात ओतून भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड घालतात. बेसनाच्या पोळ्यावर वाढलेल्या मुलांना ती ओळखीची वाटते. कास्तान्याच्चो हा चेस्टनटच्या पिठाचा चपटा केक. त्यात अंडे नाही, लोणी नाही, साखरही नाही. पाणी, तेल, बेदाणे, चिलगोजासारख्या बिया आणि रोजमेरीची पाने असतात. त्याच पिठाच्या धिरड्याला नेच्चो म्हणतात. त्यात रिकोत्ता चीज भरतात, ते नको असल्यास आधी सांगावे. रस्त्याच्या कडेला भाजलेले चेस्टनट कागदी पुड्यात मिळतात. नोव्हेंबरात काढलेले ताजे, किंचित तिखट ऑलिव्ह तेल बिनमिठाच्या टस्कन पावावर घालून खाणे, हे हिवाळ्याचेच भाग्य. सिएनाची पिची ही हाताने वळलेली जाड शेवई पारंपरिक पद्धतीत पीठ आणि पाण्याची असते. तरी अंडे घातले आहे का, हे विचारून घ्यावे.

चार शब्द पाठ असले तर बरेच काम होते : ‘सेन्त्सा’ म्हणजे शिवाय, ‘चिपोल्ला’ कांदा, ‘आल्यो’ लसूण, ‘उओवा’ अंडी. ‘ब्रोदो’ म्हणजे रस्सा, तो बहुधा मांसाचा असतो. ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी, ती काही पावांत घालतात. वेळेचाही हिशेब हवा. डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो आणि उपाहारगृहांची संध्याकाळची चूल साडेसातच्या सुमारास पेटते. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्यांनी दुपारी साडेबारा ते अडीचमधील जेवण हेच मुख्य जेवण मानावे आणि चारच्या सुमारास चेचीना किंवा कास्तान्याच्चो घेऊन दिवस संपवावा. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतल्यास अडचण उरतच नाही. बाजारात हरभरे, घेवडा, भोपळा, पालेभाज्या आणि संत्री विपुल असतात.

नियम असलेल्या माणसाला परदेशात चौकशी करावी लागते. त्या चौकशीतूनच पीठ कशाचे, तेल कोणत्या डोंगरावरचे, चीज कशाने लावले, हे त्याला कळते. विनाचौकशी जेवणाऱ्याला ते कधीच कळत नाही. दीड लाख पत्रे जपणाऱ्या दातिनीचे वैभव अखेर गरिबांच्या ताटासाठी खर्ची पडले, आणि त्या भूमीतील गरिबांच्या ताटातच दूरच्या नियमनिष्ठ पाहुण्यासाठी घास शिल्लक आहे. पुढील हिवाळ्याचा बेत आखताना फ्लॉरेन्सच्या यादीत या तीन नगरांची नोंद करून ठेवण्यास हरकत नाही. प्रातोच्या वाड्यात मुलांना ती जुनी खतावणी दाखवावी, आणि तिच्या मालकाने शेवटची बाकी कोणाच्या नावे ओढली, तेही सांगावे.