दुरून दाबलेली कळ

खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत ज्यांचे घर आहे, त्यांना आषाढ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. झड लागली की रानातले एखादे झाड तारांवर आडवे होते आणि 'करंट गेला' हे दोन शब्द घरोघर ऐकू येतात. पूर्वी आम्ही कंदील लावून वाचत बसत असू. अंधाराविषयी आमची तक्रार नव्हती. परंतु तीन वर्षांपूर्वी आईची फुप्फुसे थकली, हवेतून प्राणवायू वेगळा काढणारे यंत्र तिच्या उशाशी आले, आणि वीज जाणे म्हणजे आईचा श्वास अडणे, असा नवा अर्थ आम्ही शिकलो. प्राणवायूचा एक सिलिंडर हाताशी असे, पण तो किती वेळ पुरणार? यंत्राला सुमारे साडेतीनशे वॅट वीज लागते. म्हणून आम्ही पेट्रोलवर चालणारा, चाकांचा, किल्लीने सुरू होणारा एक जनरेटर घेतला.

तो ठेवला पडवीत. पावसात भिजू नये आणि रात्री किल्ली फिरवायला अंगणात उतरावे लागू नये, एवढाच आमचा विचार. पस्तीस वर्षे मुलांना निबंध शिकविणाऱ्या माणसाचा विचार किती अपुरा असू शकतो, हे गेल्या श्रावणात कळले. त्या रात्री जनरेटर तासभर चालला. सौ.चे डोके दुखू लागले; आईला हाक मारली तर ती उशिरा 'ओ' देई. आम्हांला वाटले, झोप असेल. सौ.ला मळमळू लागले तेव्हा तिने मागचे दार सताड उघडले, यंत्र बंद करावयास लावले, आईला सिलिंडरवर घेतले आणि आम्हां सर्वांना उघड्यावर आणले. पावसाचे थेंब तोंडावर आले तसतशी आई सावध होत गेली.

हे आम्ही कोणाला सांगितले नाही. मुख्याध्यापकाच्या घरी असे घडावे, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून जनरेटर चालू असताना पडवीची खिडकी उघडी ठेवू लागलो आणि तेवढ्यावर समाधान मानले.

पुढे आम्हांला प्रशिक्षणासाठी वरचेवर परगावी राहावे लागले. घरी सौ. आणि आई दोघीच. आईची खोली न सोडता जनरेटर सुरू करता येईल का, असे आम्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारले. तो आता मोटारी रिवाइंड करण्याचे दुकान चालवितो. निबंधात आम्ही त्याला नेहमी जेमतेम गुण दिले होते. तो आला, पडवीत उभा राहिला आणि भिंतीकडे पाहून म्हणाला, "सर, हा काळा डाग धुराचा ना?"

आम्ही गप्प राहिलो. मग सगळे सांगितले.

त्याने आवाज चढविला नाही. "सर, या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा अडवतो. त्याची पकड दोनशे पटींहून जास्त. खिडकी उघडून तो जात नाही. आधी मशीन बाहेर, मग वायर. ते जमणार नसेल तर हे काम मी करणार नाही." वर्गात आम्ही ज्याला बाकावर उभे केले होते, तो आज आम्हांला उभे करीत होता, आणि त्याचे बरोबर होते.

अंगणाच्या टोकाला, घरापासून वीस फुटांहून दूर, चारी बाजूंनी उघडे असे पत्र्याचे छप्पर झाले. तेथून पाइपातून बारीक तारा आईच्या खोलीपर्यंत आणल्या. बारीक का, असे आम्ही विचारले. स्टार्टरचा मोठा प्रवाह बारा व्होल्टच्या बॅटरीजवळच्या जाड तारांतूनच जातो. खोलीतली कळ फक्त रिले ओढते, आणि त्याला थोडकीच वीज पुरते. थंड इंजिनाला चोक लागतो; तो ओढण्यासाठी त्याने मोटारगाडीच्या दाराचे कुलूप सरकविणारी छोटी मोटर बसविली. इंजिन चालू असता कोणी पुन्हा कळ दाबली तर दाते घासून जातील, म्हणून जनरेटरचीच वीज आली की स्टार्टरची वाट तोडणारा दुसरा रिले लावला. थांबविण्याची कळ प्रज्वलनाची तार अर्थ करते. ठिणगी बंद, इंजिन बंद. बॅटरीपाशी फ्यूज घातला. घराच्या मीटरपाशी चेंजओव्हर स्विच बसविला. बाहेरची वीज किंवा जनरेटर, दोन्ही एकदम कधीच नाही. नाहीतर आपली वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरून तारेवर हजारो व्होल्ट होते आणि पावसात खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो.

एक गोष्ट मात्र त्याने मुद्दाम हातावर ठेवली: पेट्रोलचा कॉक. दिवेलागणीला छपराखाली जावे, तेल पाहावे, धुराच्या नळीपुढे काही आले नाही ना हे पाहावे, मग कॉक उघडावा. सकाळी बंद करावा. "रोज एकदा मशीनचं तोंड बघितलं पाहिजे, सर," तो म्हणाला. कळेच्या वर त्याने स्वतःच्या हाताने पाटी लावली: 'पाच सेकंदांहून जास्त दाबू नये. सुरू झाल्यावर खिडकीतून पाहावे.' आम्ही ती सवयीने दोनदा वाचली. दुरुस्त करण्याजोगे काही सापडले नाही.

या आषाढात आम्ही परगावी असताना मध्यरात्री वीज गेली. सौ.ने चेंजओव्हर फिरविला, कळ दाबली, अंगणाच्या टोकाला इंजिन गुरगुरले आणि आईचे यंत्र पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या दिवशी फोनवर तिने हे सांगितले आणि म्हणाली, "तरी छत्री घेऊन एकदा बघून आले हो."

पडवीच्या भिंतीला यंदा दिवाळीपूर्वी चुना लावायचा आहे. तो काळा डाग मात्र आम्ही तसाच ठेवावयास सांगणार आहो.