तुटलेली स्प्रिंग आणि पाच हजारांचा बयाना

आमची गाडी २००६ सालची. घेतली तेव्हाच ती सहा वर्षांची होती. आम्ही दोघेही शिक्षक, दापोलीत राहणारे. मुलीच्या फार्मसीच्या फीसाठी यंदा ती विकायची ठरली. एका तरुणाशी अठ्ठेचाळीस हजारांत सौदा झाला, पाच हजारांचा बयाना हातात आला, रविवारी गाडी न्यायची असे ठरले. फी भरायची शेवटची तारीख सोमवार.

शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून घरी येताना फाटकाशी वळण घेतले आणि डाव्या चाकाजवळ ‘टण्’ असा आवाज झाला. खडा उडाला असेल म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. संध्याकाळी पाहतो तर गाडी पुढून डावीकडे किंचित बसलेली. उजव्या चाकाच्या वर चार बोटे जागा, डावीकडे जेमतेम अडीच. शॉकअॅब्सॉर्बर गेला, असा आमचा अंदाज. शिक्षकाला अंदाज बांधायची सवयच असते.

मेकॅनिकने बॅटरी मारली आणि आत बोट घालून स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे चाचपले. वीतभर लांबीचा तुकडा खालच्या वाटीत सुटा पडलेला होता. त्याने तो काढून आमच्या हातात ठेवला. बोटाएवढ्या जाडीचे पोलाद, पण तुटलेल्या तोंडावर दोन रंग होते. एका कडेला तपकिरी गंज, उरलेला भाग करडा आणि चकचकीत. “गंजलेली आहे ती जुनी चीर,” तो म्हणाला, “चकचकीत आहे ते आज तुटलंय.” त्या वाटीत चिखलपाणी साचते, रंग घासून जातो, त्यात आपल्याकडची खारी हवा. चीर आतल्या आत वाढत राहते आणि एक दिवस साध्या वळणावर स्प्रिंग तुटते. अशी गाडी चालते, म्हणूनच ती फसवी. पण तुटलेले टोक वाटीतून सरकून टायरला लागले तर टायर कापला जातो, आणि हे घाटातल्या वळणावर झाले तर पुढचे आम्हांला कुणी सांगायला नको होते.

स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या बदलाव्या लागतात, हेही त्याच दिवशी कळले. एक नवी आणि एक बसलेली असली की गाडी सरळ उभी राहत नाही. माल चिपळूणहून यायचा, म्हणजे सोमवारच्या आत काम होणार नाही.

सौदा जमवून देणारा दलाल मगरीबनंतर घरी आला. त्याच्याकडे उपाय तयार होता. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर बसवायचे, गाडी बोटभर वर येते, डोळ्यांना काही दिसत नाही. “दोन-तीनशे रुपयांचं काम, सर. जुनी गाडी आहे, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.”

त्या रात्री आमच्यात जे बोलणे झाले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की, दलाल चुकीचे काय बोलला, वीस वर्षांच्या गाडीची हमी कोण देतो? (कोण असे म्हणाले, ते सांगत नाही. घरात राहायचे आहे.) धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढल्याची गोष्ट आम्ही दोघेही दरवर्षी वर्गात सांगतो. त्या रात्री दोघांपैकी कुणीही ती काढली नाही. दोघांच्याही मनात होती, हे मात्र नंतर कबूल झाले.

ठरले ते वेगळ्याच कारणाने. त्या तरुणाला सहा महिन्यांचे बाळ आहे आणि बायकोचे माहेर चिपळूणचे. गाडी घेतल्यावर पहिली फेरी परशुराम घाटातूनच व्हायची होती. सौदा ठरवताना त्याने हे किती आनंदाने सांगितले होते!

शनिवारी सकाळी त्याला बोलावून तो तुकडा दाखवला. सोमवारी आमच्या खर्चाने दोन्ही बाजूंचे काम करून देतो, असेही सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, अब्बांना विचारतो.” संध्याकाळी वडिलांचा फोन आला. एकदा मोडलेली गाडी नको, बयाना परत द्या. आम्हांला राग आला, खोटे कशाला बोला! खरे सांगून आपलेच नुकसान झाले, असे दोन दिवस वाटत राहिले. फी पतपेढीतून कर्ज काढून भरली. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

काम मंगळवारी झाले. मेकॅनिकने दोन बाजूंना आकड्यांचे लांब बोल्ट लावून स्प्रिंग आवळत आणली आणि आम्हांला लांब उभे राहायला सांगितले. आवळलेल्या स्प्रिंगमध्ये एवढा जोर कोंडलेला असतो की आकडा निसटला तर माणूस जायबंदी होतो. घरी पान्हा घेऊन करायचे हे काम नव्हेच. दोन स्प्रिंगा, वरचे रबरी माउंट, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून चार हजार दोनशे झाले.

गाडी दारातच आहे. गेल्या महिन्यात रात्री दहाच्या सुमारास तोच तरुण आला. बाळाला ताप होता, चिपळूणच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते, रिक्षा मिळत नव्हती. आम्ही चावी पुढे केली. ती घेण्याआधी त्याने मोबाइलची बॅटरी लावली आणि वाकून डावे चाक पाहिले.