आईकडून आलेली आडनावे

नॉर्मन सरदारांच्या वंशावळी जुळवण्याच्या नादाला मी नवाच लागलो होतो, तेव्हा रॉबेर द बेलेम, ह्यू द माँगोमेरी आणि रॉजर पोआतूकर यांना मी तीन वेगळ्या घराण्यांत बसवले होते. दानपत्रे वाचू लागलो आणि खजील झालो. तिघे सख्खे भाऊ!

'द' म्हणजे 'चा', आपल्या 'कर'सारखाच. फरक इतकाच की, आपला माणूस गाव सोडून दहा पिढ्या लोटल्या तरी 'कर' सोडत नाही. अकराव्या शतकातल्या नॉर्मन सरदाराचे नाव मात्र हातातल्या जमिनीमागे जाई. आणि जमीन बापाकडूनच येई, असे नव्हते.

या भावांचे वडील रॉजर द माँगोमेरी. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचे ते विश्वासू. पुढे श्रूजबरीचे अर्ल झाले. आई माबेल, नॉर्मंडीच्या दक्षिण सीमेवरच्या बेलेम घराण्याची वारस. रॉबेरच्या वाट्याला आईची जहागीर आली, म्हणून तो बेलेमचा. ह्यूला 1094 मध्ये वडिलांची इंग्लंडमधली दौलत मिळाली. तो माँगोमेरीच राहिला. तिसऱ्याची बायको पोआतू भागातल्या सरदार घराण्यातली, म्हणून तो पोआतूकर.

माबेलविषयी आपल्याला कळते ते मुख्यतः ओर्डरिक व्हिटालिस या मठवासी इतिहासकाराकडून. त्याचे वडील रॉजरच्याच पदरी धर्मगुरू होते. पण 1085 मध्ये, दहाव्या वर्षी, मुलाची रवानगी नॉर्मंडीतल्या सेंत-एव्रूलच्या मठात झाली आणि त्या मठाच्या आश्रयदात्यांचे बेलेमवाल्यांशी हाडवैर होते. साहजिकच त्याची माबेल विषप्रयोग करणारी, जमिनी बळकावणारी. ज्याचा गड तिने हिरावला त्या सरदाराने रात्री शयनगृहात शिरून तिचे मुंडके उडवले, हेही तोच सांगतो. मग तिच्या थडग्यावरचा स्तुतिलेख उतरवून घेतो आणि वर शेरा मारतो की, ही स्तुती तिच्या गुणांपेक्षा आप्तांच्या मायेपोटी आहे! अशा साक्षीदाराचे मत मी बाजूला ठेवतो, मोजदाद मात्र घेतो: पाच मुलगे, चार मुली.

ही मोजदाद ताडून पाहायची ती दानपत्रांवर. मठाला जमीन देताना सरदार बायकोची आणि मुलांची संमती नोंदवून घेई, कारण उद्या वारसांनी तीच जमीन परत मागू नये. त्या सावधगिरीमुळे आपल्याला नावे मिळतात. एखाद्या पत्रात मुलाचे नाव नसेल, तर तो तेव्हा जन्मला नव्हता, दूर होता की वारला होता, हे दुसऱ्या पत्रावरून शोधायचे.

ह्यूनंतर इंग्लंडमधली दौलत रॉबेरकडे आली. त्याने 1102 मध्ये इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्याविरुद्ध बंड केले आणि तिथले सगळे गमावले. 1112 मध्ये कैद झाली. मरेपर्यंत सुटला नाही. त्याचा मुलगा विल्यम तालव्हास, पोन्त्यूचा काउंट. पोन्त्यू त्याच्या आईचे माहेर. 'विल्यम तालव्हास' हे नाव माबेलच्या वडिलांचे. माँगोमेरीच्या या नातवाच्या नावात माँगोमेरी कुठेच उरले नाही.

म्हणून हल्ली वंशवृक्षाचा कागद घेण्याआधी मी नकाशा पसरतो आणि पहिली खूण करतो ती सुनेच्या माहेरावर.