बोटीवरचे पान

आपल्याकडे माणूस कुठूनही परत आला की पहिली चौकशी होते ती जेवणाची. लग्नाहून आलेल्याला नवरी कशी होती हे मागाहून विचारतात, आधी "पंगतीत काय काय होतं?" इस्पितळातून सुटून घरी आलेल्या माणसालाही शेजारीण विचारते, "तिथं डबा चालायचा, की त्यांचंच घ्यावं लागायचं?" काशीला जाऊन दर्शन घडले नाही असे कोणी सांगितले तर लोक हळहळतील, पण आठ दिवस धड जेवायला मिळाले नाही असे सांगितले तर त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहील. मला यात काही वावगे वाटत नाही. देवळे आणि डोंगर चित्रांतही पाहता येतात. जेवण तेवढे स्वतः जाऊनच जेवावे लागते.

तेव्हा गेल्या वर्षी अंधेरीला एका प्रवासी कंपनीच्या माहितीसभेत जे घडले त्याचे मला मुळीच नवल वाटले नाही. सहल होती मुंबई-गोवा आणि परत. दोन रात्रींची, मोठ्या जहाजाने, पण आपल्यासारख्यांच्या खिशाला झेपेल अशी. व्यासपीठावरचा तरुण पडद्यावर चित्रे दाखवीत होता. हा पोहण्याचा तलाव, हे नाट्यगृह, हा जादूगार. "काही शंका?" असे त्याने म्हणताच घाटकोपरचे एक सद्गृहस्थ उभे राहिले. "सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का? आणि कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही." त्यांच्या पाठोपाठ बोरिवलीच्या एक बाई : "दही विरजलेलं असतं की डबीतलं?" मग मुलुंडचे एक वयस्क गृहस्थ, अगदी आवाज खाली आणून : "पापलेट पहिल्या रात्री, की दुसऱ्या?" जहाज बुडू लागले तर काय करायचे, हे मात्र शेवटपर्यंत कोणी विचारले नाही.

माझ्या शेजारी आत्या बसली होती. वय ८१. तिने काहीच विचारले नाही. "जेवण असतं ना? मग झालं," एवढेच म्हणाली.

आत्याला समुद्र नवा नव्हता. कोकणच्या माणसाला तो नवा नसतोच. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. पण त्याआधी कित्येक पिढ्या कोकण मुंबईला आले ते आगबोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि मग पणजी, अशी बंदरे घेत बोट जाई. पुष्कळ ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे; पाण्यात दूर उभी राही, आणि पडावातून माणसे, ट्रंका, कोंबड्या, फणस यांची ने-आण चाले. पावसाळ्यात बोटी बंद. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या कायमच्याच थांबल्या. पुढे १९९४ साली कॅटामरान आली, २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजींचे नाव मिरवीत 'आंग्रिया' निघाली, आणि त्यानंतर आणखी मोठी जहाजे. मात्र या मोठ्या जहाजांत कोणी मुंबईला पोचण्यासाठी बसत नाही. बसायची हौस म्हणून बसतात.

त्या जुन्या बोटीवर डेकवरचा उतारू खाई ते घरचेच. दशमी हा आपल्या बायकांनी लावलेला मोठा शोध आहे. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवले की भाकरी मऊ राहते, दोन दिवस टिकते, आणि शिवाय सोवळ्यालाही चालते. एका दुधाच्या वाटीत प्रवास, पोट आणि धर्म तिन्ही सांभाळले. बरोबर सुकी चटणी, कोणाकडे सुकटीची कोशिंबीर, कोणाकडे बेसनाचे लाडू. खिशात आवळासुपारी हवीच. कारण मराठीत धक्क्याला बोट लागते तशी माणसालाही बोट लागते, आणि एकदा ती लागली की लाडू काय आणि दशमी काय, सगळे समुद्रार्पण.

आत्या पहिल्यांदा बोटीत बसली ती १९५७ साली, दिवाळी झाल्यावर. वय वर्षे तेरा. वेंगुर्ल्याहून मुंबईला काकांच्या बिऱ्हाडी तिला पाठवले होते; शिकायला नव्हे, काकूच्या हाताखाली. फडक्यात उरल्यासुरल्या फराळाची पुरचुंडी होती. तिला त्या प्रवासातले दोनच प्रसंग आठवतात. शेजारच्या घोंगडीवरल्या एका म्हातारीने तिला अर्धी घावन दिली, तो एक. दुसरा, वरच्या वर्गाच्या भोजनगृहाच्या दारातून पांढरी चादर घातलेले एक मेज तिला दिसले, तो. मेजावर काय होते ते दिसण्याआधीच दार मिटले.

जगभर असेच होते. शिडांच्या जहाजांतून युरोपातली गरीब माणसे अमेरिकेला निघत तेव्हा शिधा पुष्कळदा त्यांचा त्यांनाच न्यावा लागे. जहाजाने उतारूंना अन्न द्यावे यासाठी कायदे करावे लागले. नुसती मौज म्हणून समुद्रावर हिंडण्याची कल्पना बरीच अलीकडची. १८९१ च्या जानेवारीत जर्मनीतल्या आल्बर्ट बालिन यांनी आपले एक जहाज हिवाळ्यात रिकामे बसू नये म्हणून भूमध्य समुद्राच्या सहलीला काढले. आजच्या समुद्रसहलींचे मूळ पुष्कळजण तेथे पाहतात. त्यांच्याच कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर १९०५ साली आणखी एक गोष्ट झाली. सेझार रिट्झ यांच्या नावलौकिकावर तेथे एक वेगळे उपाहारगृह निघाले. तिकिटातले जेवण नको असेल त्याने तेथे जावे, हवे ते मागवावे आणि वेगळे पैसे मोजावेत. आज स्वस्त जहाजावर काचेच्या दारामागे जी वेगळ्या पैशांची उपाहारगृहे दिसतात, त्यांची ही पणजी.

आता या स्वस्त जहाजांवरचे जेवण खरोखर कसे असते? त्याचे गुपित तिकिटातच आहे. भाडे कमी ठेवायचे, पोटभर जेवण त्यातच द्यायचे, आणि नफा काढायचा तो मद्यातून, शीतपेयांतून, वेगळ्या उपाहारगृहांतून. म्हणून फुकटच्या जेवणात वैविध्य दिसते, पण महाग जिन्नस बेतानेच असतात. मांडणी नीट पाहावी. सुरुवातीला कोशिंबिरी, पाव, भात. माणसाची बशी तिथेच निम्मी भरते. मासळी आणि मांस पुढे, आणि पुष्कळ ठिकाणी चमचा वाढप्याच्या हातात. बशी लहानच असते. यात लबाडी नाही, हिशेब आहे; आपल्या लग्नांत मठ्ठा आणि जिलबी कोणत्या फेरीला काढायची हे ठरवणारे आचारी काही निराळे करीत नाहीत.

दुसरी गोष्ट आगीची. समुद्रावर आगीइतके भय कशाचेच नाही, म्हणून आधुनिक जहाजांच्या स्वयंपाकघरात उघडी ज्योत नसते, सारे विजेवर. आपला फुलका तव्यावरून थेट जाळावर जातो आणि टम्म फुगतो. तो तेथे व्हायचा कसा? म्हणून तेथली पोळी जरा रुसलेलीच. त्याउलट वरण, भात, खिचडी, सूप, ताजा पाव या वस्तू अशा स्वयंपाकघराला साधतात. हजार माणसांसाठी पदार्थ करायचा तर जो मोठ्या भांड्यात बिघडत नाही तोच मागावा. आणि शक्य तर त्याच तिकिटात बसून वाढतात त्या भोजनगृहात जावे. स्वतः वाढून घेण्याच्या ठिकाणी गर्दी फार, आणि अन्न तासन्‌तास वाफेवर ताटकळलेले. घरचे जेवण मात्र बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. फार तर बंद पाकिटातला खाऊ. आत्याने ते ऐकले तेव्हा ती प्रथमच खट्टू झाली. दशम्यांचे पीठ तिने काढून ठेवले होते.

मुलुंडहून लोकलने निघून, पुढे टॅक्सीने आम्ही बॅलार्ड पिअरला पोचलो. पहिल्या रात्री मी तिला त्या मांडलेल्या जेवणाकडे नेले. चाळीसएक पदार्थ असतील. लोक बशांवर बुरूज रचीत होते. नूडल्सवर पुलाव, पुलावावर गुलाबजाम. मला त्यांचा राग आला नाही. पैसे भरले आहेत आणि उद्या हे नसेल, ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आत्या मात्र रिकामी बशी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"काय वाढू तुला? तुला काय आवडतं?" मी विचारले.

"उरेल ते," ती म्हणाली.

विनोद म्हणून नव्हे. विचारल्या प्रश्नाचे उत्तर दिले. मी एकदम गप्प झालो. आत्याला पुरणपोळी साधते, तिच्या हातची सोलकढी आमच्या घरी प्रसिद्ध आहे, कोणाला काय पथ्य आणि कोणाला काय प्रिय हे तिला तोंडपाठ. माझ्या धाकट्या मुलाला साय नको आणि थोरल्याला हवी, हेही तिला ठाऊक. पण तिला स्वतःला काय आवडते हे मला ठाऊक नव्हते, आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे तिलाही ठाऊक नव्हते. आधी काकूचे घर, मग सासर, मग मुले. सगळ्यांची पाने झाली की तळाशी जे असेल ते तिचे. चाळीस पदार्थांच्या रांगेत तळ कुठे शोधायचा? त्या रात्री ती वरणभात जेवली, आणि माझ्या बशीत राहिलेला अर्धा पाव तिने संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसून जेवण्याच्या दालनात गेलो. पांढरी चादर घातलेले मेज होते. आत्याने ती चादर बोटांनी चाचपून पाहिली, पण बोलली काही नाही. गोव्याकडचा एक हसरा वाढपी होता. त्याने खाद्यपत्रिका माझ्या हाती न देता आत्याच्या हाती दिली. देव त्याचे भले करो. आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि ते पान शाळेतल्या धड्यासारखे ओळीने वाचले. मग म्हणाली, "हे नको. हे नको. पनीर तर नकोच. घरी सुनेनं केलं की खावं लागतं, मला ते कधीच आवडलं नाही." सतरा वर्षे आमच्या घरी ती पनीर खात आली आहे!

शेवटी तिने वरण, भात आणि तळलेली मासळी मागवली. वरण आले. एक घास घेऊन तिने चमचा खाली ठेवला. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि वाढप्याला हाक मारली. "बाबा, हे गार आहे. गरम करून आण."

तो "हो आजी" म्हणून वाटी घेऊन गेला. आत्याचे कान लाल झाले होते. कोणी रागावते की काय अशा नजरेने ती दाराकडे पाहत राहिली. वाफाळलेली वाटी परत आली तेव्हा ती सगळी सावकाश संपेपर्यंत तिने माझ्याशी एक अक्षरही बोलणे केले नाही.

संध्याकाळी त्या वेगळ्या पैशांच्या उपाहारगृहावरून जात होतो. आत्या काचेशी थबकली. "हे काय?"

"इथं निराळे पैसे पडतात. चल, जाऊ या आपण."

"म्हणजे अप्पर क्लास," ती म्हणाली. दाराबाहेर पत्रिका लावली होती. तीही तिने पुरती वाचली. आतली मेजे पाहिली, मेणबत्तीसारखे दिसणारे विजेचे दिवे पाहिले. आत शिरायला कोणी अडवीत नव्हते. उलट एक मुलगी लवून बोलावीत होती. आत्याने मान हलवली. "नको. यात माझ्याजोगं काही नाही." आणि ती पुढे चालू लागली, ती पुष्कळ वेळ खुशीत होती.

पुढल्या डेकवर आम्ही खुर्च्या टाकून बसलो. कुठेतरी काळोखात विजयदुर्ग, देवगड मागे गेले असतील. मी विचार करीत होतो तो त्या "नको"चा. माणसे म्हणतात, इतके पदार्थ कशाला? खायचे ते दोनच. खरे आहे. पण दोनच समोर असताना दोन खाणे आणि चाळीसांतून दोन खाणे यांत फरक आहे. नको म्हणायलाही समोर काहीतरी असावे लागते, आणि ते आपल्यासाठी मांडले आहे अशी खात्री असावी लागते. १९५७ च्या त्या डेकवर हजार गोष्टी तिच्यापाशी नव्हत्या. त्यातलीच ही एक. मला त्या बोटीचे प्रेम आहे, त्या म्हातारीच्या अर्ध्या घावनीचे तर फारच आहे. पण तेरा वर्षांच्या पोरीला त्या पुरचुंडीतले काय नको होते, हे तिला तेव्हा कोणी विचारले नव्हते.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी अर्थातच विचारले, जेवण कसे होते? मी म्हणालो, भाड्याच्या मानाने चांगले. आत्या म्हणाली, "वरण गार आणतात. पण सांगितलं की गरम करून देतात."

ती सवय तिने मुलुंडलाही आणली आहे. आता आमच्या घरी पनीर झाले की ती दहीभात मागते. यंदा दिवाळीच्या पंधरा दिवस आधी भाजणीची चर्चा निघाली तेव्हा तिने जाहीर केले की चकल्या तिच्याने होणार नाहीत, ज्यांना हव्यात त्यांनी पाडाव्यात. आणि तिला स्वतःला अनारसे हवे आहेत, तेही विकतचे नकोत. घरात अनारसे कोणालाच येत नाहीत. सध्या माझी सून आणि मी तांदूळ तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, ते सुकवून, कुटून, गुळात मळून बसलो आहोत. पहिला घाणा तुपात विरघळला. दुसरा जरा जमल्यासारखा वाटला, म्हणून आत्यापुढे बशी नेऊन ठेवली.

तिने एक मोडून पाहिला, चाखला, आणि म्हणाली, "खसखस कमी आहे. पुन्हा करा."