सेरेंगेटीची वारी

टांझानियातील अरुशा शहराहून पश्चिमेकडे निघालेला रस्ता घाट चढत चढत गोरोंगोरो या विझलेल्या ज्वालामुखीच्या काठावर येऊन पोहोचतो. समुद्रसपाटीपासून ही जागा दोन हजार मीटरांहून उंच. सकाळच्या दाट धुक्यात रस्त्याच्या कडेला दगडांनी रचलेली एक साधी समाधी दिसते. मायकेल ग्झिमेक या तरुण जर्मन संशोधकाची ही समाधी. १९५८ च्या सुमारास तो आणि त्याचे वडील बर्नहार्ट, झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या छोट्या विमानात बसून खालच्या मैदानातील जनावरांची शिरगणती करीत होते. १० जानेवारी १९५९ रोजी एक गिधाड त्या विमानावर आदळले, विमान कोसळले आणि मायकेल ऐन चोविसाव्या वर्षी मरण पावला.

या पितापुत्रांच्या गणतीत नू जातीची सुमारे एक लक्ष जनावरे भरली. १९६१ साली झालेल्या अधिक काटेकोर मोजणीत हा आकडा अडीच लक्षांच्या आसपास निघाला, आणि १९७७ पर्यंत तो १३ लक्षांवर जाऊन पोहोचला. अवघ्या सोळा वर्षांत पाचपट! एवढ्या अवधीत मैदान काही वाढले नव्हते, सिंहांनी शिकार सोडली नव्हती. मग हा चमत्कार घडला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ते मैदान आणि तेथील जीवनक्रम आपण पाहून घेऊ.

काठावरून पश्चिमेकडे उतरू लागले की झाडी विरळ होत जाते आणि एका वळणावर डोळ्यांसमोर केवळ गवत आणि आकाश उरते. मसाई लोकांच्या भाषेत या प्रदेशाला ‘सिरिंगेट’ म्हणजे अंतहीन मैदान असे म्हणतात. त्यावरूनच सेरेंगेटी हे नाव पडले. १९५१ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. मात्र जनावरांना उद्यानाची हद्द ठाऊक नसते आणि त्यांचे खरे घर याहून पुष्कळ मोठे, थेट केनियातील मारा नदीपलीकडे पसरलेले आहे.

या दक्षिणेकडील मैदानात झाड का उगवत नाही, हा प्रवाशाच्या मनात उभा राहणारा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पूर्वेच्या क्षितिजावरील पर्वतांत आहे. या ज्वालामुखींनी युगानुयुगे उधळलेली राख वाऱ्याने येथे आणून पसरली. मसाई ज्याला ‘देवाचा पर्वत’ म्हणतात तो ओल दोइन्यो लेंगाई तर अद्यापही जागृत आहे. राखेतील क्षार पावसाबरोबर खाली झिरपून जमिनीखाली थोड्या अंतरावर दगडासारखा कठीण थर तयार झाला. झाडाची मुळे तो थर भेदू शकत नाहीत. गवताची मुळे मात्र वरच्या मातीतच सुखाने नांदतात, आणि या मातीत कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर असल्यामुळे येथील आखूड गवत विलक्षण सकस असते. दूध पाजणाऱ्या मातेला याच द्रव्यांची सर्वाधिक गरज असते.

म्हणूनच डिसेंबरनंतर पाऊस पडून मैदान हिरवे झाले की नूचे कळप येथे लोटतात. बैलाचे तोंड, बोकडाची दाढी आणि घोड्याची शेपटी अशा उसन्या अवयवांनी बनविल्यासारखे दिसणारे हे जनावर वस्तुतः हरणांच्या विस्तृत कुळातलेच. एकेकटे पाहिले तर ते ओबडधोबड व काहीसे हास्यास्पद वाटते. पण सकाळच्या उन्हात क्षितिजापासून क्षितिजापर्यंत हजारो नू चरत असलेले पाहून प्रवासी नि:शब्द होतो. त्यांच्या घोगऱ्या हुंकारांचा अखंड नाद दूरवरच्या जत्रेच्या कोलाहलासारखा कानावर येत राहतो.

फेब्रुवारीच्या सुमारास या मैदानावर एक विलक्षण घटना घडते. वर्षभरातील बहुतेक सर्व वासरे अवघ्या तीन आठवड्यांच्या आत जन्माला येतात. उघड्या माळावर पिलू लपवायला झुडूपही नसते. म्हणून संख्या हीच येथे ढाल ठरते. सिंह, तरस, चित्ते व कोल्हे कितीही खादाड असले तरी तीन आठवड्यांत त्यांच्या पोटात मावणार किती? जी वासरे या हंगामाच्या आधी किंवा मागाहून जन्मतात, तीच अधिक प्रमाणात बळी पडतात. शिवाय नूचे वासरू जन्मल्यापासून काही मिनिटांतच पायांवर उभे राहते आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने धावू लागते. त्याला रांगण्याचे बालपण लाभतच नाही.

नूंच्या संगतीला दोन लक्षांच्या आसपास झेब्रे आणि लक्षावधी थॉमसन गॅझेल असतात. ही गॅझेल म्हणजे आपल्या चिंकाऱ्याची भाऊबंद. एवढ्या तोंडांना एकच गवत कसे पुरते? निसर्गाने येथे पंक्ती लावून दिल्या आहेत. उंच गवत आले की प्रथम झेब्रा त्याचे वरचे जाड, राठ देठ खातो; निकृष्ट चारा पुष्कळ प्रमाणात खाऊन झपाट्याने पचविण्याची शक्ती त्याच्या पोटात आहे. त्यामुळे खालची कोवळी पाती मोकळी होतात व ती नूच्या वाट्याला येतात. नू पुढे गेला की जमिनीलगत फुटलेले अंकुर आणि बारीक वनस्पती चिमुकल्या गॅझेलला सापडतात. आणि गवताचे काय? त्याचा वाढीचा कोंब बुडाशी असल्याने शेंडा खुडला तरी ते पुन्हा फुटते. शेणकिडे जनावरांचे शेण मातीत पुरून त्याला खत देतात.

मे महिना संपता संपता हा सुकाळ ओसरतो. आखूड गवत करपते, डबकी आटतात, उरलेले पाणी खारट होते. मग कोणी हाक दिल्यासारखे कळप रांगा धरतात आणि पश्चिमेकडे, तेथून उत्तरेकडे चालू लागतात. आषाढी वारीत दिंड्यांमागून दिंड्या येतात तसा हा प्रवाह दिवसेंदिवस संपत नाही. पाऊस पडेल तेथे जायचे, एवढाच त्यांचा नियम. वर्षभरात या चक्रात प्रत्येक जनावर आठशे किलोमीटरांहून अधिक वाटचाल करते. स्वाहिली भाषेत प्रवासाला ‘सफारी’ म्हणतात. आपल्या ‘सफर’ शब्दाचा हा सख्खा भाऊ, दोघेही अरबीतून आलेले. खरे सफारीकरू हेच.

जुलै ते ऑक्टोबर या काळात उत्तरेकडील मारा नदी त्यांच्या वाटेत आडवी येते. उंच दरडी, वेगवान प्रवाह आणि दबा धरून बसलेल्या सुसरी, यांमुळे कळप काठावर तासन् तास घुटमळतो. अखेरीस एखादे जनावर उडी घेते आणि त्यामागे हजारो कोसळतात. चेंगराचेंगरीत व पाण्याच्या ओढीत दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक नू बुडतात. परंतु हे मरणही वाया जात नाही. मासे, सुसरी, गिधाडे यांची पोटे त्यावर भरतात आणि उरलेली हाडे नदीच्या तळाशी वर्षानुवर्षे विरघळत पाण्याला सत्त्व पुरवितात.

सगळेच काही वारीला निघत नाहीत. जे मागे राहतात त्यांच्या युक्त्या वेगळ्या. जिराफ मान उंचावून, काट्यांतून जीभ शिताफीने फिरवीत, बाभळीच्या कुळातील झाडांची पाने ओरबाडतो. दुष्काळातही खोल मुळांच्या झाडांना पाला असतो. डिक-डिक हे सशाहून थोडेसे मोठे हरीण जोडीने एकाच झुडपाळ जागेत राहते आणि पानांतील ओलाव्यावर दिवस काढते. गॅझेल चित्त्यापुढे धावू लागले की त्याच्या अंगाचा ताप भराभर चढतो. परंतु नाकात थंड झालेले रक्त मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला निववीत असल्याने त्याचे डोके गार राहते. चित्त्याचा वेग अचाट, पण दम थोडा. काही क्षणांत शिकार साधली नाही तर त्याला धापा टाकीत थांबावे लागते, आणि साधली तरी ती सिंह किंवा तरस हिसकावून नेण्याचे भय असतेच.

सिंहाला आपण वनराज म्हणतो. पण आपल्या कान्हाच्या जंगलात वाघाचा अभ्यास करून मग १९६६ ते १९६९ या काळात सेरेंगेटीत सिंहांचा माग काढणाऱ्या जॉर्ज शॅलर या शास्त्रज्ञाला दिसलेले चित्र निराळे होते. सिंहाचे कुटुंब आपला प्रदेश सोडू शकत नाही. कळप दूर निघून गेले की या राजाच्या घरी उपासमार सुरू होते आणि भुकेने मरणारी असतात ती प्रामुख्याने बच्चे. तरसाची मादी, जिला लोककथांनी कायम कुरूप व क्रूर ठरविले, ती पिलांना बिळात ठेवून चाळीस-चाळीस किलोमीटर दूर कळपांपर्यंत जाते आणि पोट भरून पुन्हा दूध पाजायला परतते. वस्तुतः येथील बहुसंख्य नू हिंस्र पशूंच्या जबड्यात मरतच नाहीत. कोरड्या महिन्यांतील अपुऱ्या चाऱ्याने ते खंगून मरतात.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नूंची संख्या पाचपट कशी झाली?

१८८७ च्या सुमारास आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर इटालियन सैन्यासाठी उतरविलेल्या गुरांबरोबर एक भयंकर रोग त्या खंडात शिरला. ती गुरे हिंदुस्थानातून नेलेली होती, असे अनेक इतिहासकार मानतात. हा रोग म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या घराघरांत दहशत बसविणारी बुळकांडी. आफ्रिकेतील जनावरांना तिची पूर्वी कधी ओळखच नसल्याने त्यांच्यात प्रतिकारशक्ती नव्हती. तीन-चार वर्षांत ती मसाई प्रदेशात पोहोचली आणि दहांतील आठ-नऊ गुरे मेली. गुरांवरच जगणारा समाज उपासमारीत सापडला. १८९२ साली येथून गेलेल्या ऑस्कर बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाने अस्थिपंजर झालेल्या मसाई स्त्रीपुरुषांचे हृदयद्रावक वर्णन करून ठेवले आहे. रानातले नू आणि रेडेही असेच पटापट मेले.

साथ ओसरली, तरी रोग गेला नाही. गावोगावच्या गुरांतून तो पुन्हा पुन्हा नूंमध्ये येई. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण संपताच वर्षभराची वासरे त्याला बळी पडत. ग्झिमेक पितापुत्र विमानातून पाहत होते तो कळप असा पिढ्यान्‌पिढ्या आजाराने खुडलेला होता.

ज्या भूमीतून हा रोग गेला, त्याच भूमीत त्याच्यावर उपायही शोधला जात होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. प्रामुख्याने गुरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे १९२० नंतरच्या दशकात जे. टी. एडवर्ड्‌स यांनी बकऱ्यांतून सौम्य केलेल्या विषाणूची लस सिद्ध केली. पुढे १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी अधिक सुरक्षित व स्वस्त लस तयार केली. मसाई आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या गुरांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली, आणि १९६३ नंतर नूंमधूनही बुळकांडी नाहीशी झाली. एकाही नूला कोणी सुई टोचली नव्हती! गोठा निरोगी झाला, एवढ्यानेच रान निरोगी झाले.

पुढचे परिणाम कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. नू वाढले तसे गवत खाल्ले जाऊ लागले. वाळके गवत कमी उरल्याने वणवे कमी झाले. वणवे कमी झाल्याने नवी झाडे वाढली. जेथे पूर्वी काळवंडलेला माळ दिसे, तेथे आज पालवीची सावली दिसते. आपल्या देशात १९५४ साली बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०११ साली सर्व जगातून हा रोग नष्ट झाल्याची घोषणा झाली.

या कथेला एक सल मात्र आहे. ज्यांच्या गोठ्यांतील लसीकरणाने नूंना जीवदान मिळाले, त्या मसाई लोकांना १९५९ साली सेरेंगेटी सोडून गोरोंगोरोच्या बाजूला जावे लागले. तेथील त्यांच्या हक्कांचा प्रश्न आजही वादाचा आहे. आपल्याकडील धनगर किंवा राजस्थानातील रायका ज्याप्रमाणे पावसाच्या अंदाजाने कळप घेऊन फिरतात, तसेच तेही पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. जनावरांच्या वारीबरोबर त्यांचीही वारी होती. माणसाला दूर सारून रान राखता येते की त्याला सोबत घेऊन, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. उत्तरेकडे नवी कुंपणे उभी राहत आहेत, माराच्या उगमाकडील माऊचे अरण्य तुटत आले आहे. उद्यानातून हमरस्ता नेण्याची योजना २०१० साली पुढे आली होती. २०१४ मध्ये पूर्व आफ्रिकी न्यायालयाने तेथे डांबरी रस्ता करण्यास मनाई केली. जो प्राणी चालत राहण्यामुळेच जिवंत आहे, त्याची वाट अडविणे म्हणजे त्याचे प्राण घेणेच होय.

नोव्हेंबरात दक्षिणेच्या आकाशात ढगांची काळी रेघ उमटते. मारापलीकडे चरणारे कळप माना वर करतात आणि एक एक करून दक्षिणेची पायवाट धरतात. करपलेल्या मैदानावर पहिली सर कोसळते आणि राखेच्या मातीतून हिरवे कोंब डोकावू लागतात. थोड्याच आठवड्यांत त्या कोंबांवर पुन्हा लक्षावधी वासरांचे पाय पडणार असतात.