हँडलला अडकवलेला डबा

आमचं रान शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडं. पारगावचा पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. रात्रीच्या लाईटीची पाळी आली की मोटर चालू करायला नदीकडं जावं लागतं. वस्तीपासून अर्धाच किलोमीटर, पण दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस आणि उसात बिबट्या. पायी कोणी जात नाही, मोटारसायकल काढायची.

वनखात्याची माणसं सांगतात, रात्री रानात जाताना मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा, चाहूल लागली की जनावर बाजूला होतं. म्हणून लावून बघितली. गाडीच्या आवाजात खिशातलं गाणं मलाच ऐकू येईना, बिबट्याला काय येणार? वर बॅटरी उतरली की घरी फोन करायचीही सोय राहीना.

मग पोरानं कानात घालायचं आणून दिलं. त्यात सुलोचना चव्हाणांची लावणी अशी वाजली, जणू चौफुल्याच्या थिएटरात पहिल्या रांगेत बसलोय. त्याच तंद्रीत मंडळीला मागं बसवून केडगावला निघालो. पाठीत गुद्दे बसायला लागले तेव्हा मागं पाहिलं, तर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रेलर जोडलेला, पार अंगावर आलेला. तो केव्हाचा हॉर्न देत होता.

"बिबट्यापासून वाचायला निघालात आन् ट्रॅक्टरखाली जाताय व्हय?" मंडळी म्हणाली. कानातलं तिथंच काढलं. गाडीवर माणसाचे कान मोकळेच पाहिजेत.

चौफुल्याला दुकानात गेलो. पोरगा रंगीत लाईटीचे डबे दाखवायला लागला. मी म्हणालो, "लाईट नको. मोबाईल न जोडता मेमरी कार्डावर वाजला पाहिजे, चिखलाच्या हातानं दाबता येईल असं बटण पाहिजे, आणि सेल काढून दुसरा घालता आला पाहिजे." तसा एक साधा काळा डबा निघाला. कार्डात प्रल्हाद शिंदे, सुलोचनाबाई भरून घेतल्या. खड्ड्यांनी आदळू नये म्हणून जुन्या ट्यूबच्या पट्टीनं हँडलला आवळला. डांबरीवर आवाज बारीक, पाणंदीला लागलं की पूर्ण.

एका रात्री मोटरीपाशीच सेल उतरला. गाणं बंद, गाडी बंद. ऊस सळसळला, वाऱ्यानं की कशानं, कळेना. घसा कोरडा पडलेला, तरी मोठमोठ्यानं अभंग म्हणत स्टार्टर दाबला आणि घर गाठलं.

मंडळी अंगणात बॅटरी घेऊन उभी. मला वाटायचं, मी गेलो की ती झोपत असेल. "रोज गाणं ऐकत पडते," म्हणाली, "डबा वाजतोय तवर तुम्ही बरे आहात. आज मधीच बंद पडला."

तेव्हापासून दुसरा सेल सदऱ्याच्या खिशात असतो. गाणं बिबट्यासाठी लावलं होतं, ऐकत होतं घर.